गॅरेजवरचा तारा

आकडे रॉइस प्रुएटच्या डोक्यातून दोन वर्षांपूर्वीच निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ नावं गेली, आधी पुतण्यांची, मग शेजाऱ्यांची. आता अधूनमधून बायकोचंही नाव जायचं आणि तासाभरानं परत यायचं, चार घरं फिरून आलेल्या मांजरासारखं. पण आपलं घर मात्र तो चुकत नव्हता. गॅरेजच्या दाराच्या वर, विटांच्या भिंतीत मधोमध, पत्र्याचा एक तारा होता. पाच कोनांचा, परातीएवढा, गंजून तांबूस झालेला. त्याच्या वडिलांच्या भाताच्या कोठाराचा पत्रा कापून रॉइसनंच तो केला होता. रोज दुपारी चार वाजता तो टपाल आणायला कोपऱ्यावरच्या पेट्यांकडे जायचा, परत फिरायचा, मान वर करून तारा शोधायचा आणि ताऱ्याखाली येऊन उभा राहायचा.

आठ दिवसांपूर्वी त्याच्या बायकोनं, लोरीनबाईंनी, तो तारा उतरवला.

सोसायटीचं पत्र आलं होतं. घराच्या दर्शनी भागावरची विनापरवाना सजावट चौदा दिवसांत काढावी, नाहीतर पुढची कारवाई होईल. लोरीनबाईंनी चौतीस वर्षं दुसरीचा वर्ग शिकवला होता. रांगेत उभं राहायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, लिहिलेलं आधी वाचायचं आणि मग बोलायचं, हे सांगण्यात जन्म गेला. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि शेजारच्या ओबिओराला शिडी घेऊन बोलावलं. ओबिओरा औषधाच्या दुकानात कामाला होता, मूळचा नायजेरियाचा, उंच आणि सावकाश बोलणारा.

"बाई, ह्या कमिटीतल्या लोकांना दुसरा उद्योग नाही," शिडीवरून तो म्हणाला. "माझ्या कुंपणाचा रंगसुद्धा त्यांना मातकट हवाय, तपकिरी नको."

"नियम आहे, ओबिओरा. आपणच मोडला तर पोरांना काय सांगायचं?"

"कुठली पोरं, बाई? तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली."

रॉइस खाली खुर्चीवर बसून बघत होता. काही बोलला नाही. त्याची हरकत नाही, असं लोरीनबाई धरून चालल्या. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला सगळं समजलंय असं समजू नये, हे त्या नव्या शिक्षिकांना नेहमी सांगत असत. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहिलं.

आज बुधवार होता. ऑगस्टचा दुसरा आठवडा, पारा एकशे चार फॅरनहाइटवर. लोरीनबाई मागच्या खोलीत कपडे वाळवायच्या यंत्रातून चादरी काढत होत्या. यंत्राचा घरघराट मोठा. फार तर दहा मिनिटं गेली असतील. पुढच्या खोलीत आल्या तेव्हा रॉइसची खुर्ची रिकामी होती आणि खुंटीवरची टोपी नव्हती.

घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्या दारातून बाहेर आल्या. रस्ता कोपऱ्यापर्यंत सरळ दिसत होता. टपालाच्या पेट्यांपाशी कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना घरं, एकसारख्या विटांची, एकसारख्या छपरांची. बिल्डरनं चार नकाशे काढले आणि तेच आलटून पालटून बाराशे वेळा बांधले. पूर्वी इथं भाताची खाचरं होती आणि खाचरांत लावे पक्षी. रॉइस लहानपणी इथंच त्यांच्या मागं धावला होता. आता लावा एकही उरला नाही. फक्त रस्त्यांना त्याचं नाव राहिलं: क्वेल रन, क्वेल ट्रेस, क्वेल हॉलो लेन, क्वेल हॉलो ड्राइव्ह, क्वेल हॉलो कोर्ट. पार्सलवाले रोज चुकायचे.

"रॉइस," त्यांनी हाक मारली. गवत कापायच्या यंत्राचा लांबून आवाज येत होता, दुसरं काही नाही. एकही माणूस नाही. या वसाहतीत लोक गाडीतून गॅरेजमध्ये येतात, दार खाली पडतं आणि माणूस घरात नाहीसा होतो. पुढचं दार वर्षाला दोनदा उघडतं. इथं पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर कुत्र्याचा मालक, नाहीतर संशयित.

त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. गाडी जागेवर होती. पण गाडीच्या पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झापेला अडकवलेला गॅरेजचा रिमोट नव्हता.

म्हणजे तो रिमोट घेऊन गेलाय. म्हणजे परत यायचं त्याच्या मनात आहे. एवढाच काय तो धीर. पण मागच्या उन्हाळ्यात क्वेल ट्रेसवरचे एक आजोबा असेच दुपारी बाहेर पडले होते. संध्याकाळी नाल्याच्या काठच्या उंच गवतात सापडले, घरापासून दोन गल्ल्यांवर, पायात घरातल्या सपाता. तो विचार लोरीनबाईंनी मनातून ढकलून दिला, पण तो दाराशीच बसून राहिला.

त्यांनी गाडीची किल्ली घेतली. तेवढ्यात हातातला फोन वाजला. वसाहतीच्या गटावर कुणीतरी फोटो टाकला होता. टाकणारीचं नाव नुसतं 'मारी'.

"माझ्या दारात एक माणूस आहे. गॅरेज उघडायला बघतोय. आतून हाक मारली तर ओ देत नाही. नवरा समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, घरी मी आणि बाळ दोघंच. मी पिस्तूल काढलंय. कुणी ओळखतं का याला?"

दाराच्या घंटीतल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो होता. गॅरेजपुढच्या गाडीवाटेवर रॉइस उभा होता, टोपी मागे सरकलेली, उजवा हात ताठ पुढे केलेला. मुठीत काहीतरी काळं.

लोरीनबाई गाडीच्या बॉनेटला टेकल्या. बॉनेट तापलेलं नव्हतं, तरी चटका बसल्यासारखं वाटलं.

फोटोखाली ओळी येत होत्या, एकावर एक.

"हातात काय आहे ते? मोठं करून बघा."

"पिस्तूल आहे."

"फोन असेल हो."

"फोन असा धरतात होय? डोळे तपासून घ्या, डग."

"मागच्या आठवड्यात माझ्या ट्रकची काच फोडली तो हाच."

"ताई, पोलिसांची वाट बघत बसू नको. तुझं दार, तुझा हक्क. हे टेक्सास आहे."

"तपकिरी कुत्रा कुणाचा हरवलाय का? क्वेल रनवर माझ्या अंगणात बसलाय."

लोरीनबाईंनी लिहिलं, "तो माझा नवरा आहे. आजारी आहे. हातात गॅरेजचा रिमोट आहे. मारी, तुझं घर कुठलं?" लिहिलेलं वर जाऊन दिसायच्या आत त्याच्यावर आणखी सहा जणांचं शहाणपण येऊन पडलं. मारीचं उत्तर नाही. आणि पत्ता तर कुणीच लिहिणार नव्हतं. या गटावर पत्ता लिहायचा नाही, चोर वाचतात, अशी सगळ्यांची समजूत. स्वतः लोरीनबाईंनीही कधी लिहिला नव्हता.

बाराशे घरं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. घाबरलेलं मूल चित्राकडे बघतं तेव्हा त्याला सगळं एकदम दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. त्याला एकेक विचारावं लागतं. चित्रात ऊन कुठून येतंय? सावलीला विचार, ती सांगेल.

सावली रॉइसच्या पायापासून कॅमेऱ्याकडे, म्हणजे घराकडे पडली होती. आता सव्वाचार, सूर्य पश्चिमेला कललेला. सावली घराकडे, म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला. त्या स्वतः राहायच्या त्या क्वेल हॉलो लेनवरची घरं एक तर पूर्वेला, नाहीतर दक्षिणेला तोंड करून होती. लेन नाही. रन, ड्राइव्ह, ट्रेस किंवा कोर्ट.

आणखी काय दिसतंय?

समोरच्या अंगणात या घरचा पोरगा शाळेच्या फुटबॉल संघात आहे, असं सांगणारी पाटी होती. ती तर दर चार घरांमागे एक. समोरच्या छपरांच्या वर पाण्याची टाकी, तीही सगळीकडून दिसते.

आणि रॉइस? तो काय करतोय? हात दाराकडे आहे. पण डोळे? त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. चेहरा फुटला, चौकोन चौकोन झाले, तरी कळत होतं. रॉइस दाराकडे बघत नव्हता. मान वर करून दाराच्या वर बघत होता. हनुवटी उचललेली, तोंड किंचित उघडं. रोज परत येताना बघायचा तसा.

त्या घरावर तारा होता.

आणि तसा तारा लोरीनबाईंनी पाहिला होता. फेब्रुवारीत एक मोठं खोकं चुकून त्यांच्या दारात आलं होतं. वर लिहिलं होतं: एम. कान्टू, ५२१८ क्वेल हॉलो कोर्ट. नंबर त्यांच्याच घराचा, रस्त्याचं नावही तेच, फक्त लेनच्या जागी कोर्ट, नाल्यापलीकडची बंद गल्ली. त्यांनी ते गाडीत घालून तिकडे नेऊन ठेवलं होतं, इथल्या रीतीप्रमाणे घंटी न वाजवता, कॅमेऱ्याला नुसता हात करून. निघताना वर बघितलं तर भिंतीवर तारा. अगदी आपल्यासारखाच, असं तेव्हा मनात आलं होतं.

लोरीनबाईंनी गाडी बाहेर काढली आणि आपत्कालीन नंबर लावला.

"५२१८ क्वेल हॉलो कोर्ट," त्या म्हणाल्या. "माझा नवरा तिथं चुकून गेलाय. त्याची स्मृती गेलीय. हातात गॅरेजचा रिमोट आहे, शस्त्र नाही. तुमच्या माणसाला हे आधी सांगा."

"त्या घरातून फोन आलाय, बाई. गाडी पोचतेच आहे. ५२१८ क्वेल हॉलो लेन."

"लेन नाही. कोर्ट."

"इथं लेन लिहिलंय, बाई. फोन करणारी रडत होती."

"मग ऐकताना चुकलं असेल. लेनवर मी राहते. त्या घरात आता कुणी नाही. कोर्ट लिहा, आणि रिमोटचं लिहा. लिहिलंत? वाचून दाखवा."

पलीकडच्या मुलीनं मुकाट्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यात समोरून शेरिफच्या पोलिसांची गाडी आली, दिवे फिरवत, आणि लोरीनबाईंच्या शेजारून त्यांच्याच घराकडे निघून गेली. त्यांनी आरशात बघितलं. थांबवावं का? हॉर्नवर ठेवलेला हात त्यांनी दाबला नाही. रॉइसला दोनदा सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि बंदूक घेतलेली माणसं एकदाच सांगतात. दोन मिनिटं. दोन मिनिटं आधी आपण पोचलो तर बरं. या बावळट नावांचं त्यांना जन्मात पहिल्यांदाच बरं वाटलं. पण आता तिथं कुणीच पोचलेलं नव्हतं. दारापलीकडे एक भेदरलेली मुलगी आणि अलीकडे रॉइस, मध्ये एक लाकडी फळी.

कोर्टवरच्या घरांचं कुंपण त्यांच्या परसाच्या कुंपणापासून फार तर दोनशे पावलांवर असेल, पण मध्ये नाला, आणि रस्ता सगळ्या वसाहतीला वळसा घालून जायचा. एक उंचवटा, दुसरा उंचवटा. गाडी आदळत होती. थांबायच्या लाल पाटीपाशी त्या सवयीनं थांबल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि आपण थांबलोय हे लक्षात येऊन स्वतःचाच राग आला. कान मात्र सगळा वेळ बाहेर होते. आवाज येईल का? आला तर इथवर ऐकू येईल का?

कोर्टाच्या टोकाला, गोल वळणापाशी, तो उभा होता.

अजून उभा होता.

लोरीनबाईंनी गाडी रस्त्यातच सोडली. पळावंसं वाटत होतं, पण त्या पळाल्या नाहीत. पळणारा माणूस दिसला की वर्ग उधळतो. त्या गवतावरून चालत गेल्या, दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे पुढे. रॉइसचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मान लालभडक झाली होती. तो रिमोटचं बटण दाबत होता, थांबत होता, वर ताऱ्याकडे बघत होता, पुन्हा दाबत होता. दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बोटभर वर झालेला होता.

घंटीतून घोगरा आवाज आला. "बाई, मागं व्हा. माझ्या हातात पिस्तूल आहे."

"असू दे," लोरीनबाई म्हणाल्या. तो त्यांचा वर्गातला आवाज होता, हळू आणि एकसारखा. तो कुठून आला त्यांनाही कळलं नाही. "जमिनीकडे धर. बोट घोड्यावरून काढ. काढलंस? आता माझं ऐक. तू कान्टू ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"फेब्रुवारीत तुझं खोकं माझ्याकडे आलं होतं. पाळण्याचं. तू कोर्ट, मी लेन, नंबर एकच. मी इथं ठेवून गेले."

"निळी टोपी?"

"तीच. कॅमेऱ्याला हात केला होता."

"तो व्हिडिओ मी नवऱ्याला पाठवला होता," आवाज म्हणाला. आता त्यात रडू होतं. "म्हटलं, ही म्हातारी चोरायला आली की काय. तर ठेवून गेली."

"मारी हे तुझं पूर्ण नाव का?"

"मारिसोल."

"मारिसोल, हा माझा नवरा, रॉइस. याला वाटतंय हे आमचं घर आहे. हातात रिमोट आहे. तू आहेस तिथंच थांब, मी त्याच्याशी बोलते."

त्या रॉइसच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, तो आणि दार यांच्यामध्ये जितकं येता येईल तितकं. "रॉइस, तो मला दे. आपण घरी जाऊ."

त्यानं त्यांच्याकडे बघितलं. नजर नम्र होती आणि अनोळखी.

"बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "माझं दार अडकलंय. बायको आत आहे, वाट बघत असेल."

लांबून सायरन ऐकू आला. आता तो या दिशेला वळला होता. फोनवरच्या मुलीनं कोर्ट लिहिलं होतं, पण रिमोटचं? सांगितलं असेल का? येणाऱ्या पोलिसानं ऐकलं असेल का?

हात धरून ओढावं, तर तो झटका देईल. रागावलं, तर रिमोट वर उचलेल. लोरीनबाईंना एकदम आठवलं की या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या घरात विजेच्या तारा ओढल्या, आणि चाळीस वर्षांत कुणी त्याला आज्ञा केली तर त्यानं ऐकली नाही. पण कुणी विचारलं, तर जेवण सोडून सांगत बसायचा.

"बॅटरी गेली असेल," त्या म्हणाल्या.

"बॅटरी चांगली आहे. मी स्वतः घातलीय."

"बघितल्याशिवाय कसं कळेल? मला तर ते उघडायचंसुद्धा माहीत नाही. कसं उघडतात?"

रॉइसनं हात खाली घेतला. रिमोट उलटा केला. "सोपं आहे, बाई. इथं खाच असते. नाणं आहे का?"

त्यांच्या खिशात बाजारातल्या ढकलगाडीची साखळी सोडवायला ठेवलेलं एक नाणं होतं. रॉइस गाडीवाटेवर, उन्हातच, हळूहळू मांडी घालून बसला. "खाली बसून करायचं," तो म्हणाला. "उभ्यानं केलं की भाग हरवतात." त्यानं खाचेत नाणं घातलं, झाकण काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मग आतली छोटी पट्टी. मग बॅटरी. एकापुढे एक, ओळीत.

पोलिसांची गाडी वळणावर येऊन थांबली. दार उघडलं. एक तरुण पोलीस दाराआड उभा राहिला, हात कमरेवर.

"साहेब, हात दिसू देत."

रॉइसनं वर बघितलं नाही. लोरीनबाईही जागच्या हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर रॉइस आणि दार यांच्यामधली जागा रिकामी झाली असती. "ते कामात आहेत," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हातात बॅटरी आहे. नाण्याएवढी. बाकीचं जमिनीवर आहे, तुम्हाला दिसेल."

पुढचा क्षण फार लांबला. गवत कापायचं यंत्र कुठंतरी चालूच होतं. लोरीनबाईंच्या मानेवरून घामाचा एक थेंब पाठीत उतरला, आणि तो कुठवर गेला ते त्यांना नीट कळलं.

"पोरा," रॉइस म्हणाला, "तुझ्याकडे छोटा पेचकस आहे का?"

पोलिसाचा हात कमरेवरून निघाला. "गाडीत असेल, साहेब," तो म्हणाला. "बघतो."

त्याच वेळी लोरीनबाईंच्या पाठीमागे काहीतरी खडखडलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. पण ते गॅरेजचं दार होतं. आतून मारिसोलनं भिंतीवरचं बटण दाबलं होतं. दार वर चढत गेलं आणि आतली गार हवा पायांवर आली.

रॉइसचा चेहरा उजळला. "बघ लोरी," तो म्हणाला. "सांगत नव्हतो? बॅटरी चांगली होती."

मग त्यानं आत बघितलं. लहान बाळाची गाडी, माशांचे गळ, भिंतीला टेकवलेलं ते पाळण्याचं खोकं. त्याची नजर एका वस्तूवरून दुसरीवर गेली, ओळखीचं काही शोधत, आणि तिसऱ्या वस्तूपाशी भेदरली. इतका वेळ न घाबरलेला तो एकटाच होता. आता तोही घाबरला.

"आपलं सामान कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

"लेनवर," लोरीनबाई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी सिमेंटवर बसल्या. "सगळं जागेवर आहे."

मारिसोल दारात आली. वीस-बावीसची असेल, अनवाणी, बाळ कडेवर. पिस्तूल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेलं होतं, दुधाच्या बाटलीशेजारी. दारातून दिसत होतं. तिनं बर्फाचं पाणी आणलं.

"बाई," ती म्हणाली, "नवऱ्यानं सांगून ठेवलंय. कुणी दार सोडत नसेल तर मोठ्यानं दहापर्यंत मोज आणि मग..." तिनं बाळाचं डोकं छातीशी धरलं. "मी मोजत होते. तुमची गाडी आली तेव्हा सात झाले होते."

लोरीनबाईंनी पेला घेतला आणि आधी रॉइसला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ओबिओरानं शिडी लावून तारा जागेवर बसवला. "आणि नियम?" त्यानं वरून विचारलं. लोरीनबाई म्हणाल्या, "खिळा नीट ठोक." सोसायटीचं दुसरं पत्र आलं, तेव्हा त्यांनी लाल पेननं त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, खाली 'तारा राहील' असं लिहिलं आणि परत पाठवून दिलं.

पण तारे आता दोन होते, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मारिसोलचा फोन आला.

"बाई, नवरा म्हणतोय आमचा काढून टाकू. म्हणजे साहेब चुकणार नाहीत. काढू का?"

लोरीनबाईंनी दारांना आतून कड्या घातल्या होत्या, रॉइसच्या मनगटात फोन नंबर लिहिलेलं कडं होतं. तरी कपडे वाळवायचं यंत्र घरघरणार होतं, डोळा लागणार होता, घंटी वाजणार होती. तो पुन्हा कधीतरी बाहेर पडणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"नको काढू," त्या म्हणाल्या. "माझा नाही दिसला तर तो तुझा बघून येईल. तुझाही नसला, तर बाराशेंपैकी कुठल्या दारात उभा राहील, सांगता येत नाही. आणि तिथलं माणूस कितीपर्यंत मोजतं, आपल्याला काय माहीत."

आता दुपारी चार वाजता लोरीनबाई गॅरेजचं दार उघडं ठेवून ताऱ्याखाली घडीची खुर्ची टाकून बसतात. रॉइस टपाल आणायला कोपऱ्यावर जातो, त्या बघत राहतात. फोन मांडीवर असतो. तो वाजला की त्या लगेच उघडत नाहीत. आधी रस्त्याकडे बघतात, टोपी दिसते का बघतात, आणि दिसेपर्यंत मनात मोजतात.

सातच्या पुढं त्यांना मोजवत नाही.